एप्वास : उग्र वासाचें चीज व तें खाण्याची रीत

कोल्हापुरास दुधाचें वेड आहे हें वाचकांस सांगावयास नको. गंगावेशींतील दूधकट्ट्यावर संध्याकाळीं म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते आणि फेसाळ पेला तेथल्या तेथें रिकामा होतो. दूध जितकें ताजें तितकें चांगलें, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा सिद्धान्त. दूध आंबलें तर त्याचें दहीं करावें, आणि उग्र वास आला तर टाकून द्यावें, एवढेंच आपण जाणतों. अशा वाचकांस दुधापासूनच होणाऱ्या, पण महिनाभर मुरवून उग्र वासाचा झाल्यावरच खाण्याजोगा मानल्या जाणाऱ्या एका फ्रेंच पदार्थाची ओळख करून देण्याचें योजिलें आहे. या पदार्थाचें नांव एप्वास.

परदेशच्या चवीची हौस पुरविणें एवढाच या लेखाचा हेतु नाहीं. हें चीज एकदां जवळजवळ नाहींसें झालें होतें, आणि एका शेतकरी दांपत्यानें तें पुन्हां उभें केलें. तें कशामुळें गेलें व कशामुळें परत आलें, हें दुभतें बाळगणाऱ्या प्रत्येकानें समजून घेण्यासारखें आहे.

गांव व पूर्वपीठिका

फ्रान्सच्या पूर्वेकडील बरगंडी हा प्रांत द्राक्षांसाठीं व मद्यासाठीं जगप्रसिद्ध आहे. त्यांतील कोत-दोर जिल्ह्यांत, दिजों शहराच्या पश्चिमेस, एप्वास नांवाचें लहानसें गांव आहे. गांवाचें नांव तेंच चीजाचें नांव. सोळाव्या शतकांत सिस्टर्शियन पंथाचे साधु या गांवीं येऊन राहिले व त्यांनीं ही कृति बसविली, अशी तेथील परंपरा आहे. ख्रिस्ती मठांतून वर्षांतील पुष्कळ दिवस मांस वर्ज्य असे. त्या दिवसांत अंगांत बळ राहावें म्हणून दुधाचे टिकाऊ पदार्थ करण्याकडे साधूंचें लक्ष गेलें. आल्सास प्रांताकडील ‘मुन्स्टर’ या चीजाचें नांव तर मठ या अर्थाच्या शब्दावरूनच पडलें आहे. उत्तरेकडील मारवाल, नॉर्मंडींतील लिव्हारो, शांपेनच्या बाजूचें लांग्र हीं सारीं एप्वासचीं भावंडें होत. या सर्वांस ‘धुतलेल्या सालीचीं चीजें’ म्हणतात. तें कां, हें पुढें येईलच.

साधूंच्या हातून ही विद्या आसपासच्या शेतकरी बायकांच्या हातीं गेली. सासूनें सुनेस शिकवावें, आईनें लेकीस शिकवावें, अशी ती चालत राहिली. ब्रिया-साव्हारँ (१७५५-१८२६) या प्रसिद्ध फ्रेंच रसज्ञानें एप्वासला ‘चीजांचा राजा’ म्हटलें असें सांगतात, आणि नेपोलियनलाहि तें आवडे अशी आख्यायिका आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या भागांतील सुमारें ३०० शेतकरी घरांत हें चीज होत असे.

करण्याची रीत

ज्यानें घरीं चक्का टांगलेला पाहिला आहे त्यास या कृतीचा पहिला भाग समजण्यास अडचण पडणार नाहीं. दूध गाईचें, सायीसकट घेतात. ब्रून, माँबेलियार्द व सिमेंताल या तीनच जातींच्या गाईंचें दूध चालतें. तें सुमारें ३० अंश सेंटिग्रेडपर्यंत कोमट करून त्यांत विरजण व अगदीं थोडें रेनेट घालतात. रेनेट म्हणजे दूध गोठविणारा पाचक रस. पूर्वापार तो दूधपित्या वासराच्या जठरांतून काढीत आले आहेत. इतर कित्येक चीजांत रेनेटच्या जोरावर थोडक्या वेळांत दूध गोठवितात. एप्वासमध्यें मुख्य काम विरजणाचा आंबटपणा करतो, त्यामुळें दहीं नीट लागण्यास १६ तास किंवा त्याहून अधिक वेळ द्यावा लागतो. घाई केली कीं माल बिघडला.

लागलेल्या दह्याचा चुरा न करतां त्याचे मोठे तुकडे कापतात व ते भोंकें असलेल्या साच्यांत भरतात. वर वजन ठेवीत नाहींत. पाणी आपल्या आपण निथळूं देतात. मग वडी साच्यांतून काढून तिला हातानें कोरडें मीठ चोळतात व ती वाळूं देतात. येथपर्यंत तयार झालेला पदार्थ पांढरा, आंबूस व बिनवासाचा असतो. आपल्या चक्क्याहून तो फारसा निराळा नाहीं.

खरी कसोटी यापुढें. या वड्या थंड व दमट तळघरांत फळ्यांवर मांडतात. आठवड्यांतून एक ते तीन वेळां प्रत्येक वडी उचलून हातानें धुतात, उलटतात व पुन्हां मांडतात. आरंभीं धुण्यास मिठाचें पाणी असतें. पुढें त्यांत ‘मार’ नांवाची दारू मिसळतात व तिचें प्रमाण क्रमाक्रमानें वाढवीत नेतात. द्राक्षांचा रस काढल्यावर उरलेलीं सालें, बिया व देंठ यांचा चोथा आंबवून ही दारू गाळतात. आपल्याकडे साखर निघाल्यावर उरलेल्या मळीपासून मद्यार्क गाळतात, त्यांतलाच हा प्रकार. म्हणजे मळ्यांतील टाकाऊ वस्तु गोठ्यांतील दुधाच्या कामीं लागली.

असें किमान चार आठवडे चालतें. तेवढ्या अवधींत पांढरी वडी पिवळसर, मग नारिंगी व शेवटीं विटकरी रंगाची होते. रंग वरून लाविलेला नसतो. वाढत्या जिवाणूंमुळेंच तो येतो. लहान वडी २५० ते ३५० ग्रॅमची व मोठी ७०० ते ११०० ग्रॅमची असते. ती लांकडाच्या गोल डबींत घालून विकतात.

वास येतो कसा ?

वास आला म्हणजे पदार्थ कुजला, ही आपली समजूत दुधाच्या बाबतींत बहुधा खरी असते. येथें मात्र ती लागू पडत नाहीं. कुजणें म्हणजे मालकाच्या परवानगीवांचून कोणीहि येऊन घरांत शिरणें. मुरणें म्हणजे ठराविक पाहुण्यास बोलावून इतरांस दाराबाहेर ठेवणें. चीज धुण्याचा सारा खटाटोप यासाठींच आहे.

ताज्या वडीची साल आंबट असते. आंबटपणांत पहिल्यानें यीस्टच्या जाती वाढतात व त्या आंबटपणा खाऊन टाकतात. साल अशी सौम्य झाली कीं मीठ सोसणारे एका वर्गाचे जिवाणू तिजवर वस्ती करतात. शास्त्रांत यांतील मुख्य जिवाणूस ब्रेव्हिबॅक्टेरियम म्हणतात. खारट पाण्याच्या धुण्यानें बुरशीला थारा मिळत नाहीं, साल ओलसर राहते व हे जिवाणू एका भागावरून दुसऱ्या भागावर सारखे पसरतात. ते दुधांतील प्रथिनें फोडतात. प्रथिनांत गंधकाचा अंश असतो. तो मोकळा झाला कीं उग्र वासाचे वायु निर्माण होतात. त्याच वेळीं आंतला घट्ट भाग बाहेरून आंत असा हळूहळू मऊ होत जातो. वास आणि मऊपणा हीं एकाच कामाचीं दोन फळें होत. वास नको आणि मऊपणा मात्र हवा, असें म्हणून चालत नाहीं.

याच जिवाणूंचे सोयरे माणसाच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत राहतात. म्हणून या चीजांस घामेजल्या पायांचा वास येतो असें म्हणतात, आणि ती केवळ थट्टा नव्हे. एप्वासच्याच कुळांतील लिंबर्गर या चीजाच्या वासाकडे हिंवताप पसरविणारे आफ्रिकेंतील डांस ओढले जातात असें शास्त्रज्ञांस आढळलें, व तें १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. डांसांस माणसाचे पाय व चीज यांत फरक कळेना, एवढा तो सारखेपणा !

लयास गेलें व परत आलें

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें. गांवोगांवचे तरुण आघाडीवर गेले व त्यांतील पुष्कळ परत आले नाहींत. नांगरटीपासून मळणीपर्यंतचें सारें काम बायकांवर पडलें. ज्या हातांनीं आठवड्यांतून दोनतीनदां एकेक वडी धुवावयाची ते हात शेतांत अडकले. तळघरें ओस पडूं लागलीं. ज्या घरीं एकदां काम थांबलें त्या घरच्या सुनेस तें शिकावयास मिळालें नाहीं. दुसऱ्या महायुद्धानें उरलीसुरली आशाहि नेली. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत एप्वास हें जवळजवळ नांवापुरतेंच राहिलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गाई मेल्या नव्हत्या, कुरणें सुकलीं नव्हतीं, दूधहि आटलें नव्हतें. नाहींसे झाले होते ते जाणते हात. शेतींतील पुष्कळ विद्या अशाच मरतात. त्या मरतात तेव्हां गवगवा होत नाहीं. एखादी म्हातारी जाते आणि तिच्याबरोबर दुधाच्या उष्णतेचा अदमासहि जातो.

१९५६ सालीं एप्वास गांवचे शेतकरी रोबेर बेर्तो व त्यांची पत्नी सिमोन यांनीं हें चीज पुन्हां करावयाचें ठरविलें. त्या भागांत ज्यांस अजून जुनी रीत येत होती अशा माणसांचें ज्ञान त्यांनीं मिळविलें व आपल्या घरीं काम सुरू केलें. हळूहळू माल बाजारांत जाऊं लागला, इतरांनींहि तो करण्यास घेतला, आणि मरणाच्या दारांतलें नांव पुन्हां लोकांच्या तोंडीं आलें. आपल्या भाषेंत कष्टाचें चीज झालें म्हणतात, तें येथें अक्षरशः खरें ठरलें.

परंतु एवढ्यावर ते थांबले असते तर दुसऱ्या प्रांतांतील कोणीहि लाल रंगाची वडी करून ‘एप्वास’ म्हणून विकली असती. १४ मे १९९१ रोजीं फ्रेंच सरकारनें या नांवास कायद्याचें संरक्षण दिलें, व १९९६ सालीं युरोपीय संघानेंहि तें मान्य केलें. कोणत्या तालुक्यांतील दूध, कोणत्या जातीची गाय, दहीं लागण्यास किती तास, मुरण्यास किती आठवडे, धुण्याचें पाणी कसलें, हें सर्व त्यांत लिहिलेलें आहे. जमिनीस जसा सातबाराचा उतारा, तसा हा नांवाचा उतारा समजावा. वहिवाट कितीहि जुनी असो, जिची कागदीं नोंद नाहीं ती शाबीत करतांना काय हाल होतात, हें ज्यानें महसुलाच्या दप्तरांत आयुष्य घालविलें त्यास निराळें सांगावयास नको. आजहि हें चीज करणारीं दुग्धालयें हाताच्या बोटांवर मोजतां येतील इतकींच आहेत. पण तीं आहेत, हेंच महत्त्वाचें.

खावें कसें ?

माझ्या एका आप्तानें दिजोंहून येतांना या चीजाची लहान डबी आणली होती. डबी उघडतांच थोरल्या वहिनी म्हणाल्या, “भावोजी, हें आधीं उकिरड्यावर टाकून या.” मीं म्हटलें, “वहिनी, पावसाळ्यांत आपल्याकडे सुकट भाजतात तेव्हां गल्लींत काय अत्तराचा सडा पडतो ?” त्या हंसल्या, पण डबी ओसरीवर गेली ती गेलीच. घरांतील तरुण मंडळींनीं मात्र तेथें बसून ती संपविली. त्या अनुभवावरून व तिकडील रिवाजावरून पुढील गोष्टी सांगतां येतात.

पहिली गोष्ट, थंडगार असतांना हें चीज खाऊं नये. शीतपेटींतून काढून सुमारें एक तास बाहेर ठेवावें. आपल्याकडील उन्हाळ्यांत अर्धा तासहि पुरे. थंड चीजाची चव मिटलेली असते व मऊपणा कळत नाहीं.

दुसरी गोष्ट, तें खाण्याजोगें आहे कीं नाहीं हें पाहावें. साल ओलसर, चकचकीत व नारिंगी ते विटकरी असावी. बोटानें मध्यभागीं हलकें दाबल्यास तें लवचिक लागावें. मधोमध पांढरा टणक गाभा राहिला असेल तर तें अद्याप पुरतें मुरलें नाहीं. वास उग्र असला तरी चालेल, पण डोळ्यांत पाणी आणणारा, जुन्या गोठ्यांतील मुतारीसारखा झोंबणारा वास असेल तर त्याची वेळ टळून गेली असें समजावें.

तिसरी गोष्ट, नाकानें निकाल देऊं नये. सालीचा वास व आंतल्या भागाची चव यांत फार अंतर आहे. प्रथमच खाणारानें साल बाजूस सारून आंतील भाग चमच्याच्या टोकावर घ्यावा. तो मुरलेल्या सायीसारखा, खारट, किंचित्‌ गोडसर लागतो व जिभेवर बराच वेळ रेंगाळतो. तो रुचल्यावर मग सालीसकट घ्यावें. सालहि खाण्याचीच असते. फणस दारांत आला कीं नाक मुरडणारे लोक गरा तोंडांत पडल्यावर गप्प होतात. हिंगाची डबी नाकाशीं धरली तर कोणास आवडेल ? पण फोडणींत तोच हिंग आपणांस हवा असतो.

चौथी गोष्ट, सोबतीस साधे पदार्थ असावेत. तिकडे तें पावाबरोबर, उकडलेल्या बटाट्याबरोबर, किंवा दिजोंस होणाऱ्या मधाच्या व मसाल्याच्या पावाबरोबर खातात. मोठी माणसें बरगंडीचें पांढरें मद्यहि घेतात, पण त्यावांचून कांहीं अडत नाहीं. आमच्या ओसरीवर ज्वारीच्या गरम पातळ भाकरीचा पापुद्रा, मिठाविना उकडलेला बटाटा व सांगलीकडचा बेदाणा यांबरोबर तें उत्तम लागलें. खारटास गोडाची जोड हवी, म्हणून द्राक्षें किंवा पेअरहि चालतें. ठेचा, तांबडा रस्सा किंवा कांदा-लसणाची चटणी यांबरोबर मात्र तें घेऊं नये. तिखटापुढें त्याची चव मरते व पैसा वायां जातो.

पांचवी गोष्ट, माफक घ्यावें. यांतील कोरड्या अंशाचा निम्मा तरी भाग स्निग्ध असतो व मीठहि पुरेसें असतें. माणशीं दोन चमचे पुष्कळ झाले. उरलेलें त्याच्याच डबींत, कागदांत गुंडाळून शीतपेटींत ठेवावें व चारदोन दिवसांत संपवावें. हवाबंद प्लास्टिकमध्यें कोंडूं नये. त्यानें साल घामेजते व वास बिघडतो.

कोणी खाऊं नये ?

गरोदर बायकांनीं, अगदीं लहान मुलांनीं, वृद्धांनीं व आजारानें अशक्त झालेल्या माणसांनीं धुतलेल्या सालीचें मऊ चीज खाऊं नये. ओलसर सालीवर लिस्टेरिया नांवाचे रोगजंतु वाढण्याचा संभव असतो, व गर्भास त्यापासून मोठा अपाय होतो.

दुसरा प्रश्न आचाराचा. या चीजांत वासराच्या जठराचें रेनेट व धुण्यास दारू असते. ज्यांस हें वर्ज्य आहे त्यांनीं तें टाळावें. त्यांत कमीपणा नाहीं. आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या चीजाच्या वेष्टनावर शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण असते किंवा नसते, ती पाहून घ्यावी. सूक्ष्म जिवाणूंपासून व बुरशीपासून काढलेलें रेनेट आतां मिळतें व आपल्याकडील मोठीं दुग्धालयें तें वापरतात.

आपणांस यांतून काय घ्यावयाचें ?

हें वाचून कोणी उद्यांच म्हशीच्या दुधाचें एप्वास करावयास बसूं नये. म्हशीच्या दुधास हें जमत नाहीं असें नव्हे. इटलींतील लोंबार्दी प्रांतांत म्हशीच्या दुधापासून ‘क्वाद्रेल्लो दी बुफाला’ नांवाचें धुतलेल्या सालीचें चीज होतें. पण त्यास बारमाही थंड व दमट जागा, निर्दोष स्वच्छता व जंतूंची तपासणी लागते. घरच्या माळ्यावर असा प्रयोग करणें धोक्याचें आहे.

घेण्याजोगा धडा निराळा आहे. १९६३ सालीं आपला जिल्हा दूध संघ स्थापन झाला व रोजच्या दुधास रोजचें गिऱ्हाईक मिळालें. हा लाभ लहान नव्हे. त्यानें कित्येक संसार तारले आहेत. पण किटली केंद्रावर रिकामी करून आलों कीं घरांत लोणी, खवा, चक्का करण्यापुरतें दूध उरत नाहीं, व जें करावयाचेंच नाहीं तें मुलींसुनांस शिकवावें कशाला, असें होऊन बसतें. सायीचें विरजण ऋतुमानाप्रमाणें किती वेळ ठेवावें, लोणी कोणत्या रंगावर कढवून उतरावें, चिकाच्या कितव्या धारेस किती दूध घातल्यानें खरवस मऊ होतो, हें ज्यांस ठाऊक आहे त्या आज बहुधा सत्तरीच्या पुढें आहेत. बरगंडींतील ३०० घरांचें जें झालें तें आपल्या गांवांत युद्धाविनाहि होऊं शकतें.

नांवाच्या बाबतींत आपण अगदींच मागें नाहीं. कोल्हापुरी गुळास २०१४ सालीं, आजऱ्याच्या घनसाळ तांदळास २०१६ सालीं व कोल्हापुरी चपलेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. परंतु एप्वासच्या लोकांनीं आधीं रीत सांभाळली व मग तिच्या आधारें नांव मागितलें, हा क्रम विसरूं नये. साखर घातलेल्या ढेपेवर कोल्हापूरचें नांव छापल्यानें कागद खरा राहील, पण गूळ खोटा होईल; आणि गिऱ्हाईक कागद खात नाहीं.

यास्तव प्रत्येक घरानें एक एवढें करावें. यंदाच्या सुगीनंतर, घरांतील जी वडील बाई एखादा दुधाचा वा धान्याचा पदार्थ उत्तम करते तिच्याजवळ बसावें. सोबत एक तापमापक, एक वजनकांटा व एक वही असावी. ती अदमासानें जें करते त्याचे अंश, तास व ग्रॅम लिहून घ्यावे, आणि तिच्या देखरेखीखालीं तोच पदार्थ एकदां आपल्या हातानें करून पाहावा. बेर्तो दांपत्यास विचारावयास जाणतीं माणसें वेळेवर सांपडलीं. आपल्या घरीं तीं अद्याप आहेत, तोंवर हें काम उरकून घ्यावें.